कॅमेऱ्याचं इरलं

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक कॅमेरा मारला. तो माझा नव्हता.

कॅमेरा माझ्या मित्राचा. आम्ही दोघं टेमघरचे, एकाच बाकावर बसून दहावी झालेले. पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो, त्याने एका फोटोग्राफरकडे लाईट धरायचं काम सुरू केलं. आज मी आठवड्यातले तीन दिवस घरून आणि दोन दिवस ऐरोलीला जाऊन कोड लिहितो. तो हळदी, साखरपुडे, बारशी आणि गणपतीचे आगमन सोहळे शूट करतो. त्याच्याकडे चांगली म्हणावी अशी एकच बॉडी होती आणि तिचे अकरा हप्ते बाकी होते. मी ती एका दिवसासाठी मागितली. त्याने दिली. देताना फक्त दोन गोष्टी सांगितल्या.

"बाहेर लेन्स बदलू नको. आणि ओला झाला तर चालू करू नको."

मी दोन्ही केल्या.

* * *

टेमघर म्हणजे भिवंडी-कल्याण रस्त्यावरचं गाव. आता गाव म्हणणंही धाडसाचंच, शहराने ते कधीच पोटात घेतलंय. तुम्ही ठाण्यात, भिवंडीत किंवा मीरा-भाईंदरला राहत असाल, तर आमच्या गावाचं अर्धं नाव तुमच्या नळावर आहे. 'स्टेम' म्हणजे शहाड-टेमघर. उल्हास नदीचं पाणी उचलायचं, शुद्ध करायचं आणि या शहरांना पाठवायचं, हे त्या यंत्रणेचं काम. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या आराखड्यातही टेमघर नावाचं स्टेशन आहे. मेट्रोचं नुसतं नाव निघालं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. आमच्या भागात भातानंतर शेताचं पुढचं पीक गोडाऊन असतं.

आमचा एक तुकडा उरला होता. काकांनी तो द्यायचा ठरवला, व्यवहार झाला, आणि घेणाऱ्याने सांगितलं की यंदाचं भात काढून घ्या, दिवाळीनंतर भराव पडेल. म्हणजे ती लावणी शेवटची होती. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघ्यांचं कारण सांगून तिला दोन वर्षं शेतात उतरू दिलं नव्हतं, पण या वेळी ती कुणाचं ऐकेना. म्हणाली, चार मुठी तरी मी लावणार.

ते मला शूट करायचं होतं.

याला अजून एक कारण होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्या पावसात आमच्याही घरात पाणी शिरलं होतं. मी तेव्हा दुसरीत होतो. पलंगाखालच्या ट्रंकेत आईबाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. आजोबा हलताना-बोलताना दिसतात अशी घरातली ती एकमेव गोष्ट. पाणी ओसरल्यावर बाबांनी ती पुसून उन्हात ठेवली आणि कपाटात टाकली. काही महिन्यांनी बघितलं तर टेपच्या कडेला पांढरं जाळं धरलं होतं. आजोबा पुरात गेले नाहीत, नंतर कपाटात गेले. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं.

* * *

आता मी काय केलं ते क्रमाने सांगतो. ऑफिसात काही कोसळलं की नंतर आम्ही असंच बसून लिहितो, कुठल्या मिनिटाला काय झालं. त्यात कुणाला शिव्या घालायच्या नसतात. इथे घालायला हरकत नाही, माणूस मीच आहे.

आदल्या रात्री कॅमेरा माझ्या खोलीत होता. बॅटऱ्या चार्जिंगला, एसी बावीसवर. सकाळी सातला उठलो, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि थेट शेतावर गेलो. पाऊस झिमझिम होता. मी तयारीने गेलो होतो: हॉटेलमधून आणलेली शॉवर कॅप, दुधाच्या पिशवीपेक्षा जाड अशी पॉलिथीन, रबरबँडचा पुडका, छत्री. पाऊस वरून पडतो, तेव्हा वरून झाकायचं, एवढं माझं ज्ञान.

शेतावर पोचून डोळा लावला तर सगळं पांढरं. लेन्स पुसली. परत पांढरं. पुन्हा पुसली. दहा सेकंदांत पुन्हा पांढरं.

पाऊस लेन्सवर पडलाच नव्हता. कॅमेरा बावीस अंशांवर रात्रभर थंड झालेला. बाहेर अठ्ठावीस अंश आणि हवेत नव्वद टक्के आर्द्रता. अशा हवेतली वाफ साधारण सव्वीस अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी होऊन बसते. फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की तिला घाम येतो, एसी बसमधून उतरलं की चष्म्यावर धुकं येतं, तेच हे. हे मला बारावीच्या परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं.

उपाय सोपा होता. अर्धा-पाऊण तास काहीही न करता थांबायचं. कॅमेरा हवेइतका गरम झाला की धुकं आपोआप जातं. त्याहून चांगलं म्हणजे एसीच्या खोलीतच तो पिशवीत घट्ट बंद करायचा, पिशवीसकट बाहेर न्यायचा आणि तापमान सारखं झाल्यावर उघडायचं. मग पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, कॅमेऱ्यावर नाही.

पण आजी चिखलात उतरली होती. मला वाटलं, धुकं लेन्सच्या आतल्या बाजूला आहे. म्हणून छत्री मानेत धरून मी लेन्स काढली. झिमझिम पावसात. कॅमेऱ्याचं तोंड उघडं, आत सेन्सर, आणि मी शर्टाच्या टोकाने लेन्सची मागची काच पुसतोय. ती पुसून बसवली. मग पाऊस वाढला म्हणून पिशवी चढवली आणि चहूबाजूंनी रबरबँड आवळले. आता पाण्याचा थेंब आत जाणार नाही याची खात्री केली.

थेंब आत गेला नाही. आत होता तो बाहेर आला नाही. व्हिडिओ सुरू असताना कॅमेरा तापतो. आत अडकलेली ओल त्या उष्णतेने वाफ झाली आणि पिशवीच्या आतून, लेन्सवरून, जोडाजोडांतून पुन्हा पाणी झाली. मी कॅमेऱ्याला रेनकोट घातला असं समजत होतो. प्रत्यक्षात त्याला प्रेशर कुकरमध्ये बसवलं होतं.

अकरा मिनिटांनी स्क्रीन थरथरली आणि कॅमेरा बंद पडला.

इथे अजूनही वाचला असता. बॅटरी काढायची, कार्ड काढायचं, सगळी झाकणं उघडी ठेवून कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. नुसत्या पाण्याने सर्किट लगेच मरत नाही. ओल्या सर्किटमधून वीज गेली की धातू झिजायला लागतो, एका ठिकाणचा सुटून दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतो. म्हणून मित्राने सांगितलं होतं, ओला झाला तर चालू करू नको.

पण माझ्या धंद्यात सगळ्या रोगांवर पहिलं औषध एकच: बंद करून परत चालू कर. मी घरी येईपर्यंत तो चार वेळा चालू करून बघितला. चौथ्या वेळी तो चालू झाला, दोन सेकंद. मग कधीच नाही.

* * *

मुंबईत फोर्टला एका दुरुस्तीवाल्याने मला बोर्ड भिंगाखाली दाखवला. लेन्स जिथे बसते त्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड होती. तो म्हणाला, "पाणी सुकतं साहेब, पाण्यात जे असतं ते राहतं." दुरुस्तीचा आकडा सेकंडहँड बॉडीच्या निम्म्याच्या वर जात होता, आणि तोही खात्री न देता.

मी पैसे दिले. सेकंडहँड बॉडीचे पूर्ण, त्याच संध्याकाळी, यूपीआयवर. माझ्या पगारात ते बसत होतं. दुखलं, पण बसत होतं. त्याचं उत्तर आलं: "ओके." नंतर जवळजवळ तीन महिने आमच्यात ओकेपलीकडे काही झालं नाही.

मला वाटत होतं, मी हिशेब पूर्ण केलाय. तो का रागावलाय हे मला खरंच कळत नव्हतं. दिवाळीच्या आधी रस्त्यावर भेटला, चहा घेतला, आणि अर्धा कप झाल्यावर म्हणाला, "पैसे दिलेस रे. पण आगमनाच्या ऑर्डरी मी कशा केल्या, ते एकदा तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांसाठी आषाढ ते कार्तिक म्हणजे कोरडा काळ, ऐन पावसाळ्यातला. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघायची. मध्ये एकच आधार, गणपती. मोठ्या मंडळांची मूर्ती कारखान्यातून निघते तिथपासून मंडपात येईपर्यंत शूट करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रील द्यायची. त्याच्या अशा तीन ऑर्डरी होत्या. मी पैसे दिले तरी हवी ती बॉडी मिळायला वेळ गेला, भाड्याने मागितली तर त्या दिवसांत सगळ्यांचीच बाहेर. पहिलं आगमन त्याने फोनवर शूट केलं. भर पावसात.

"मग? फोन तर वॉटरप्रूफ असतो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी क्लायंटकडे बघताना लपवतो.

* * *

हे तुमच्याही कामाचं आहे, कारण हा लेख तुम्ही बहुतेक फोनवरच वाचताय आणि तुमच्या फोनच्या खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं असेल. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी स्वतः ठरवून सांगते. ही चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, साध्या आणि स्थिर पाण्यात होते. तुमचा फोन तीन वर्षं खिशात वाकलेला असतो, दोनदा पडलेला असतो, एकदा गल्लीतल्या दुकानात उघडून स्क्रीन बदललेला असतो. आतली रबरं आणि गोंद म्हातारे होतात. म्हणूनच पाण्याने बिघडलेला फोन साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. फोनच्या आत एक छोटी पट्टी असते, ती पाणी लागलं की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो.

कॅमेऱ्याचं तर याहून मोघम. 'वेदर सील्ड' हा शब्द जाहिरातीत असतो, पण बहुतेक कॅमेऱ्यांना आयपीचा आकडाच नसतो. शिवाय बॉडी सील्ड असून लेन्स नसेल तर काही उपयोग नाही, कारण पाणी दोघांच्या जोडातूनच शिरतं. झूम करताना लांब होणारी लेन्स तर पिचकारीसारखी हवा आत ओढते, आणि पावसाळ्यात हवा म्हणजे पाणीच.

मित्राने आगमनाच्या दिवशी शिकलेलं सगळं त्या चहावर सांगितलं. ओल्या स्क्रीनला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. मिरवणुकीच्या मध्यात फोन आपणहून सेल्फी कॅमेऱ्यावर गेला आणि बाप्पाच्या जागी याचं नाक रेकॉर्ड झालं. म्हणून फोकस आणि उजेड कोरड्या जागी आधीच लॉक करून ठेवायचे आणि रेकॉर्डिंग आवाजाच्या बटणाने सुरू करायचं. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन वेळी काकूचा फोन येतो. लेन्स पुसायला सुती चिंधी, चार-पाच, वेगवेगळ्या खिशांत. भिवंडीत लूमवरच्या चिंध्यांना तोटा नाही, पण सुतीच बघून घ्यायची, पॉलिस्टरची चिंधी पाणी टिपत नाही, नुसतं पसरवते. आणि घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावायचं नाही. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन हलकेच हातावर आपटायचा आणि पंख्यासमोर ठेवायचा.

"आणि तांदळात?" मी विचारलं.

तांदळाचा प्रयोग आमच्या घरी झालेला आहे. बाबांचा फोन भिजला तेव्हा मी तो तांदळाच्या डब्यात खुपसला होता. आजीने तो सापडल्यावर दोघांनाही, मला आणि फोनला, घराबाहेर काढायची भाषा केली होती. आजी बरोबर होती. तांदूळ हवेतली ओल ओढतो, पण फार सावकाश, आणि त्याची पूड नि कणी फोनच्या तोंडात जाऊन बसते. २०२४ मध्ये ॲपलनेही आपल्या ग्राहकांना सांगितलं की फोन तांदळात ठेवू नका. तांदूळ पिकवणाऱ्या बाईला हे आधीच माहीत होतं.

* * *

त्या हिवाळ्यात मी पावसातलं शूटिंग बघायला लागलो. पापक्षालन म्हणा. बासू चटर्जींच्या 'मंझिल'मधलं (१९७९) लताबाईंचं पावसातलं गाणं तुम्ही बघितलं असेल. अमिताभ आणि मौसमी, खऱ्या मुंबईत, खऱ्या पावसात, ओव्हल मैदानापासून मरीन ड्राइव्हपर्यंत भिजत फिरतायत. छायाचित्रण के. के. महाजनांचं. आता ते गाणं बघताना माझी नजर हिरो-हिरॉइनवर ठरत नाही. वाटतं, महाजन कुठे उभे असतील, त्यांच्या कॅमेऱ्यावर कुणी काय धरलं असेल? एरवी सिनेमात पाऊस टँकरने पाडतात, त्याची दोन कारणं आहेत. एक, टँकरचा पाऊस आपल्या वेळेला पडतो आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. दुसरं मला नंतर कळलं: खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसतच नाही. थेंब पारदर्शक, मागे पांढरं आकाश असलं की तो नाहीसा होतो. मागून उजेड आणि त्याच्या मागे काळोख असेल तरच धार दिसते. टँकरचे थेंब मोठे असतात आणि दिवे त्यांच्या मागे लावता येतात.

राही अनिल बर्वेंचा 'तुंबाड' याच्या दुसऱ्या टोकाला. २०१२ मध्ये शूटिंग सुरू झालं, सिनेमा आला २०१८ मध्ये, आणि त्याचा पाऊस गोळा करायला एकाहून जास्त पावसाळे गेले. पंकज कुमारांच्या त्या फ्रेममध्ये आकाश सतत भरून आलेलं असतं, कपडे सुकत नाहीत, भिंतींना ओल असते. बघताना मला भीती हस्तरची कमी आणि ओलीची जास्त वाटली.

मोठ्या युनिटकडे लेन्ससमोर लावायची गरगर फिरणारी काच असते. थेंब पडला की ती तो भिरकावून देते. आपल्याकडे ती नसते. आपल्याकडे खोल लेन्स हूड असतो, वाऱ्याकडे पाठ करायची अक्कल असते आणि छत्री धरणारा मित्र असतो, तो बोलत असेल तर.

शूटिंगनंतरचं काम मात्र कुणी दाखवत नाही, आणि घरातली ती कॅसेट तिथेच मेली होती. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखी एखादी तार दिसते. वाढली की ती काचेवरचा थर खाते, मग साफ करूनही डाग राहतो. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने घरातली हवा याच्या खाली क्वचितच येते. त्यासाठी विजेचं ड्राय कॅबिनेट मिळतं. मित्राने मला स्वस्तातलं शिकवलं: रबर असलेल्या झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. फार खालीही न्यायचा नाही, आतली रबरं आणि वंगण सुकतात. सिलिका केशरी रंगाची घ्यायची, ओल पिऊन ती हिरवी होते, मग मंद आचेवर तापवून परत वापरता येते. निळी मिळते, पण तिच्यात कोबाल्ट असतं, ती घरातल्या भांड्यांत तापवू नये. आणि कॅमेऱ्याची कातड्याची बॅग त्या डब्यात ठेवायची नाही. बॅगच ओल धरून बसते.

* * *

इरलं मला या वर्षी मे महिन्यात सापडलं. घराची कौलं काढून पत्रा टाकायचा होता, माळा रिकामा करताना मागच्या कोपऱ्यात उलटं पडलेलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पळसाची पानं, त्यातली निम्मी उंदरांनी नेलेली. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं, कासवाच्या पाठीसारखं झाकण. लावणी करताना माणूस कमरेत वाकलेला असतो, तेव्हा छत्री कुचकामी आणि रेनकोटात घामाने भिजायला होतं. इरलं डोक्यावर टेकतं आणि पाठीवरून निथळतं. पुढून, खालून, बाजूंनी सगळं उघडं. दोन्ही हात मोकळे.

मी आजीला विचारलं, "यात पाणी येत नव्हतं?"

"येल ना. पाय पान्यातंच व्हते," ती म्हणाली. "पाठ सुकी रायली का मानूस दीसभर काम करतं."

मग जरा थांबून: "तुज्या क्यामेऱ्याला इरला नाय का रं?"

मी आवळत गेलो होतो. चारी बाजूंनी, रबरबँड लावून, थेंबही नको म्हणून. इरल्यात थेंब येऊ नये असा आग्रहच नव्हता. पाणी वरून येऊन बाजूने जावं, आतली वाफ खालून निघून जावी आणि हात चालत राहावेत, एवढाच हिशेब होता.

जूनमध्ये मी आणि मित्राने ते कॅमेऱ्यासाठी केलं. मोडक्या छत्रीच्या काड्या, बांबूच्या दोन कामट्या आणि वर फ्लेक्स. भिवंडीत फ्लेक्स विकत घ्यावा लागत नाही, वाढदिवस झाला की खांबावरून उतरवून कुणीही देतं. आमच्या कॅमेऱ्यावर एका भावी नगरसेवकाचा अर्धा चेहरा आहे, शुभेच्छुकांसकट. फ्लेक्स कॅमेऱ्याला टेकत नाही, चार बोटं वर राहतो, मध्ये हवा खेळते. पुढे तो लेन्स हूडच्याही बाहेर झुकतो, मागे उतार आहे, खालून पूर्ण उघडा. गळ्यातल्या पट्ट्याला एक गाठ मारली, म्हणजे पट्ट्यावरून ओघळणारं पाणी गाठीशी थेंब होऊन खाली पडतं, कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. ही गाठ मित्राची कल्पना. मी त्याच्यासाठी तीन आकृत्या काढल्या होत्या, त्याने अर्ध्या मिनिटात गाठ मारली.

या वर्षीच्या पहिल्या आगमनाला मी त्याच्याबरोबर गेलो, चिंध्या सांभाळायला. नऊच्या सुमारास पाऊस असा आला की ताशेवाल्यांनी ताशे पोटाशी धरले. ट्रॉलीवर मूर्तीला प्लॅस्टिक गुंडाळायची धावपळ सुरू झाली. गर्दीतला एक जण आमच्या कॅमेऱ्याकडे बघून ओरडला, "अरे, दादांना पण घेऊन आलात!" मित्र हसला नाही, तो व्ह्यूफाइंडरमध्ये होता. मागे जनरेटरवरचा हॅलोजन, त्याच्यापुढे मूर्तीचा काळा आकार, आणि मध्ये पाऊस, एकेक धार वेगळी दिसेल असा. दोन तास शूट केलं. घरी येऊन बॉडी पुसली, बॅटरी काढली, पंखा लावला. लेन्स काढली नाही. कुणी काही चालू करून बघितलं नाही.

* * *

गेल्या वर्षीचं कार्ड वाचलं होतं. मेमरी कार्ड सहसा वाचतं, त्यात पाणी शिरायला जागाच नसते. अकरा मिनिटं आहेत. नऊ मिनिटं पांढरं धुकं. उरलेल्या दोन मिनिटांत काच पुसल्यावर मध्यभागी एक वर्तुळ मोकळं होतं, त्यात हिरवं-मातकट काहीतरी हलतं आणि पुन्हा झाकतं.

आवाज मात्र स्वच्छ आहे. मी तो हेडफोन लावून ऐकला तेव्हा कळलं की आजी माझ्याशी बोलत होती.

"फुडं येऊ का रं? दिसतंय का?"

थोड्या वेळाने पुन्हा. "आता दिसतंय का?"

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तिन्ही वेळा माझा आवाज कुठेच नाही. रबरबँडचा आवाज आहे, पिशवीचा चुरचुर आवाज आहे. मला आठवतं, ती वाकलेली नव्हती. मूठ हातात धरून चिखलात सरळ उभी होती, आणि मी नीट तयार होण्याची वाट बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ते गुडघे अकरा मिनिटं पाण्यात उभे होते, आणि मला काळजी होती ती कॅमेऱ्याची.

शेतावर दिवाळीनंतर भराव पडला. या जुलैत तिथे पत्र्याची शेड उभी आहे. आजी आता ओट्यापलीकडे जात नाही.

मागच्या आठवड्यात मी ते तिला दाखवलं. खूप दिवस टाळत होतो. फोन तिच्या हातात दिला, पांढरा पडदा सुरू झाला. बाहेर पाऊस होताच. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग डोळ्यांचं सोडून कानाला लावला, कुणाचा कॉल आल्यासारखा. ऐकत राहिली. तिचाच आवाज आला तसं म्हणाली, "ही मीच."

"हो."

"मंग तू बोलला का नाय?"

मी काहीतरी कॅमेऱ्याबद्दल सांगायला लागलो, एसी, वाफ, पिशवी. तिने हाताने थांबवलं. फोन अजून कानालाच होता, आणि त्यात पाऊस पडत होता.